नावाला बट्टा

मंडी हाउसच्या चौकातून निघून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कोपर्निकस मार्गावर, कचेऱ्या सुटल्यानंतर आणि कमानी सभागृहातल्या प्रयोगाची घंटा होण्यापूर्वी जो तासाभराचा निवांतपणा असतो, त्या वेळी एक फेरी मारण्याचा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. आणि गेल्या पावसाळ्यात अशाच एका संध्याकाळी चहाच्या टपरीशी उभा असताना, माझ्या पाठीमागे कोणीतरी परभणीकडच्या मराठीत फोनवर बोलत असल्याचे कानी आले. "व्हय आई, अभ्यास बरा चालूय. जेवलो. मेसचंच जेवलो. बाबाला सांग, काळजी करू नका म्हणावं." मी वळून पाहिले. चोवीस-पंचवीस वर्षांचा, इस्त्रीचा सदरा घातलेला एक तरुण फोन खिशात ठेवून हातातल्या ग्लासाकडे पाहत उभा होता. त्या ग्लासातल्या चहावर साय धरली होती, इतका वेळ त्याने तो ओठाला लावलेला नव्हता.

परमुलखात आपली भाषा ऐकली की ओळख व्हायला वेळ लागत नाही. तो केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करण्यासाठी जुन्या राजेंद्र नगरात एका खोलीत तिघांबरोबर राहणारा, आणि त्या वर्षीच्या पूर्वपरीक्षेचा निकाल लागून पुरते दोन महिने झालेले. निकालाच्या यादीत त्याचा क्रमांक नव्हता. सलग तिसऱ्यांदा नव्हता. हे त्याने घरी सांगितलेले नव्हते. मुख्य परीक्षेचा अभ्यास चालू आहे, अशी आईची समजूत होती, आणि ती समजूत टिकवण्यासाठी तो रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन करीत असे. एखादे दिवशी फोन केला नाही तर शंका येईल, म्हणून तापातसुद्धा केला होता. "गावात मला कलेक्टरच म्हणतात, काका," तो म्हणाला. "किराणा दुकानदारसुद्धा बाबाला 'कलेक्टरचे वडील, या' म्हणून स्टूल देतो. आता सांगू कसं?"

त्याच्या या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी मला देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. २०२३ सालच्या त्या परीक्षेला ५ लाख ९२ हजारांहून अधिक उमेदवार प्रत्यक्ष बसले आणि अखेरीस नेमणुकीसाठी शिफारस झाली ती १,०१६ जणांची. जिथे दर पाचशेऐंशी-नव्वदांत एकाचाच निभाव लागतो, तिथे उरलेल्यांनी मान खाली घालावी असे त्यांच्या हातून काय घडले आहे? तरीही हा मुलगा एखादा गुन्हा केल्यासारखा आपले अपयश लपवीत होता, आणि त्या लपवण्याच्या पायी खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि स्वतःची झोप महिनोन्महिने खर्चीत होता.

आपल्या भाषेत प्रतिष्ठेसंबंधी जे शब्द आहेत, त्यांपैकी पुष्कळसे सराफाच्या पेढीवरून आलेले आहेत, हे थोडे लक्षपूर्वक पाहणाऱ्याला दिसून येईल. पत बाजारातही असते आणि माणसातही. माणूस खरा किंवा खोटा ठरतो तसे नाणेही. कस लागतो तो सोन्याचा आणि शीलाचाही. आणि एखाद्याच्या वर्तनाने घराण्याच्या नावाला लागतो तो बट्टा. पेशवाईत टांकसाळी अनेक, रुपयांचे प्रकार अनेक, प्रत्येकाचे वजन आणि चांदी वेगळी. तेव्हा रयतेने सारा भरायला किंवा देणे फेडायला आणलेले नाणे सराफ वाजवून, घासून, तोलून पाही आणि त्याच्या छापील किमतीतून जी वजावट करी तिचे नाव बट्टा. अब्रू हा शब्द फारसीतून आला, त्याचा मूळ अर्थ चेहऱ्यावरचे पाणी. पण ते पाणीही आपण मोत्याच्या पाण्यासारखे पारखायला लागलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा मुठीत काय आहे याची चौकशी न करता तिची किंमत ठरवतो, आणि ती मूठ जन्मभर मिटलेलीच राहिली पाहिजे, ही अटही तिच्या मालकावर घालतो.

ज्याच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो, तो निकोलस कोपर्निकस आपल्याला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे तो पृथ्वीला सूर्याभोवती फिरवणारा म्हणून. परंतु १४७३ साली जन्मलेल्या आणि फ्रॉमबॉर्कच्या धर्मपीठाच्या कारभारात आयुष्य घालवलेल्या या माणसाने, आपला खगोलशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी, नाण्यांवर एक निबंध लिहिला होता. प्रशियाच्या टांकसाळींतून निघणाऱ्या नाण्यांत चांदी कमी होत चालली होती आणि तांबे वाढत होते. छाप मात्र तोच, आणि बोलण्यातली किंमतही तीच. १५२२ साली तिथल्या सभेपुढे आणि पुढे १५२६ च्या सुमारास सविस्तर लिहून त्याने असे दाखवून दिले, की हलके नाणे भारी नाण्याच्या बरोबरीने चालू दिले म्हणजे भारी नाणे बाजारात टिकत नाही. सोनार ते वितळवतात, शहाणे लोक ते दडवून ठेवतात, आणि देवघेवीला उरते ते केवळ तांबे. हलके नाणे पाडणारा एक असतो, पण ते चालू लागले की प्रामाणिक माणसालाही त्याच नाण्यात व्यवहार करावा लागतो.

माझे म्हणणे इतकेच आहे, की आपल्या समाजात माणसांच्या बाबतीत नेमके हेच घडते आहे. जो आपली उणीव झाकतो त्याला आपण मान देतो, जो ती सांगतो त्याच्याकडून बट्टा वसूल करतो. आणि मग खरे बोलणारा माणूस त्या चांदीच्या नाण्यासारखा व्यवहारातून निघून जातो. झाकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. टांकसाळ कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही, कारण ती आपल्या सर्वांच्या ताब्यात आहे.

या रस्त्यावर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे प्रधान पीठ आहे. १९८५ सालच्या कायद्याने स्थापन झालेल्या या संस्थेपुढे केंद्र सरकारच्या नोकरांची आणि नोकरीच्या उमेदवारांची गाऱ्हाणी येतात. आणि त्यांत अशीही गाऱ्हाणी असतात, ज्यांच्या मुळाशी एका छापील प्रपत्रातला एक रकाना असतो. तुम्हांला कधी अटक झाली आहे काय, तुमच्यावर कधी फौजदारी खटला झाला आहे काय, असे त्या रकान्यात विचारलेले असते. आणि प्रपत्राच्या माथ्यावर ताकीद असते, की माहिती खोटी दिली अथवा दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल. ताकीद रास्तच आहे. पण खरी माहिती दिली तर काय होईल, याविषयी ते प्रपत्र एक अक्षरही बोलत नाही, आणि विशीतल्या मुलाच्या मनात भीतीला जागा मिळते ती नेमकी त्या मौनात.

अशा एका मुलाची हकीकत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नमूद आहे. त्याच्या घरच्यांचा भाडेकरूशी तंटा होऊन मारामारीचा खटला झाला, पुढे समेट झाला आणि १९९८ च्या जानेवारीत तो निर्दोष सुटला. वर्षभराने त्याने दिल्ली पोलिसांत कारकुनी कामाच्या हेड कॉन्स्टेबलच्या जागेसाठी अर्ज केला. अर्जातल्या त्या प्रश्नापुढे त्याने 'नाही' असे लिहिले. सगळ्या चाचण्या तो उत्तीर्ण झाला, आणि २००१ साली साक्षांकनाचे प्रपत्र भरताना मात्र त्याने आपण होऊन ती सारी हकीकत लिहिली. पोलिसांनी त्याची उमेदवारी रद्द केली. २००४ साली न्यायाधिकरणाने त्याचा अर्ज फेटाळला, दिल्ली उच्च न्यायालयाने तो मान्य केला, आणि अखेर १७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस आयुक्तांचे अपील फेटाळून लावले. न्यायमूर्ती काटजू यांनी त्या निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या जाँ व्हालजाँची आठवण काढली आहे. भुकेल्या कुटुंबासाठी पाव चोरल्याचा शिक्का ज्याच्या कपाळावरून आयुष्यभर पुसला गेला नाही, असा तो माणूस. हा मुलगा त्या वेळी वीस वर्षांचा असेल, खरे सांगितले तर आपण आपोआप बाद ठरू या भीतीने त्याने ते दडवले असावे, आणि तारुण्यातल्या लहान चुकीकडे क्षमेने पाहावे, असा त्या निकालाचा आशय आहे.

एका 'नाही'ची किंमत बारा वर्षे. निकाल वाचताना मला सर्वांत अस्वस्थ करून गेली ती १९९९ आणि २००१ यांमधली दोन वर्षे, जेव्हा तो परीक्षा देत होता, उत्तीर्ण होत होता, घरचे आनंदात असतील, आणि त्याला एकट्यालाच ठाऊक होते की आपण काय लिहिले आहे. पुढे २०१६ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयावरचे परस्परविरोधी निकाल एकत्र पाहून नियम घालून दिले: माहिती खरीच दिली पाहिजे, पण लहान वयात दिलेल्या घोषणा किंवा किरकोळ गुन्हा अशा क्षुल्लक बाबी दडवल्या असतील तर वरिष्ठांनी विवेकाने त्याकडे काणाडोळा करावा, आणि खरे सांगितलेल्या उमेदवाराचाही पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार त्यांना राहील. न्यायाच्या दृष्टीने यात उणे काढता येणार नाही. परंतु हा विवेक पुढच्या उमेदवाराला कळणार कसा? तो प्रपत्राच्या माथ्यावर, ताकिदीच्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत का छापू नये: की जे सांगाल ते विचारात घेतले जाईल, आणि केवळ सांगितल्यामुळे कोणी अपात्र ठरणार नाही?

इथे एक भेद स्पष्ट करून ठेवला पाहिजे, नाहीतर मी सर्वच लबाडीची वकिली करतो आहे असा ग्रह होईल. २०२४ च्या जुलै महिन्याच्या शेवटच्या दिवशी लोकसेवा आयोगाने महाराष्ट्रातल्या एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याची उमेदवारी रद्द केली. नावात आणि आईवडिलांच्या नावात बदल करून ठरलेल्यापेक्षा अधिक वेळा परीक्षा दिल्याचा ठपका आयोगाने ठेवला. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालयांनी करायचा आहे आणि त्याविषयी मी बोलू इच्छीत नाही. पण तत्त्व म्हणून सांगतो, की दुसऱ्याच्या वाट्याची जागा घेण्यासाठी घातलेला मुखवटा आणि दुसऱ्याच्या नजरेची लाज वाटून घातलेला मुखवटा यांना एका तराजूत तोलणे अन्यायाचे आहे. पहिल्याला कायदा पुरेसा आहे. दुसऱ्याला तो पुरत नाही, कारण त्याचे कारण आपल्या घरांत आहे.

घरांत आहे म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लग्नाचे ठराव येतात. अंगावर कोड असलेल्या मुलीला लांब बाह्यांचे पोलके शिवून दाखवायला बसवणारी आई मी लहानपणी आमच्याच वाड्यात पाहिली आहे. भर वैशाखात त्या मुलीचा चेहरा घामाने भिजलेला, आणि पोह्यांची बशी पुढे करताना बाही मनगटावरून सरकू नये म्हणून तिने डाव्या हाताने ती घट्ट धरून ठेवलेली. बशी कलंडली, दोन शेंगदाणे सतरंजीवर पडले, पण तिने बाही सोडली नाही. कोड संसर्गाने पसरत नाही, अंगाला दुखत नाही; त्वचेला रंग देणाऱ्या पेशी काही ठिकाणी नाहीशा होतात, एवढाच तो प्रकार. तिला जी वेदना झाली ती सर्वस्वी आमची, म्हणजे तिच्याकडे पाहणाऱ्यांची, निर्मिती होती. पुढे २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'नितळ' हा चित्रपट केला आणि कोड असलेल्या एका तरुण डॉक्टरला तिच्या डागांसकट पडद्याच्या मध्यभागी आणले, तेव्हा चित्रपटगृहात बसून मला त्या सतरंजीवरचे शेंगदाणे आठवत होते.

मनाच्या आजारांविषयी तर बोलायलाच नको इतके आपण ते झाकतो. एकोणीसशे पंचावन्नच्या हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमाने महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून घेतलेली संमती फसवणुकीची ठरते, आणि ती कळल्यापासून वर्षाच्या आत विवाह रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. फसवल्या गेलेल्या पक्षाला हे संरक्षण हवेच. पण लग्नाआधी हे जर कोणी मोकळेपणाने सांगितले, गोळ्या चालू आहेत, प्रकृती बरी आहे, डॉक्टरांना भेटा, असे म्हटले, तर पाहुणे उठून जाताना जिन्यातच दहा घरी ती वार्ता पोचवायची व्यवस्था करतात. आणि धाकट्या बहिणीचेही लग्न त्या वार्तेवर अडते. अशा वेळी खरे बोला, असा उपदेश त्या बापाला करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ज्या घराने सांगितले त्याच्याविषयी बाहेर चकार शब्द न काढणे, हा नियम पाहणाऱ्यांनी पाळला तरच सांगणाऱ्याच्या अंगी सांगण्याचे बळ येईल.

कोपर्निकस मार्गाला पूर्वी लिटन रोड म्हणत. व्हाइसरॉय लिटनचे नाव निघाले की मराठी माणसाला १ जानेवारी १८७७ चा दिल्ली दरबार आठवतो; दक्षिणेत आणि आपल्या दख्खनमध्ये माणसे दुष्काळाने मरत असताना, हत्ती, तंबू आणि जरतारी पोशाखांच्या त्या झगमगाटात राणीला सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. साम्राज्याने आपल्या कारभाराची उणीव एवढ्या खर्चाने झाकलेली क्वचितच दिसेल. आणि त्याच दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातमागाच्या जाड्याभरड्या खादीत उपस्थित राहिले. राजेमहाराजांच्या त्या मेळ्यात आपले दारिद्र्य अंगावर घालून जाणे ही केवढी हिंमत, हे आज आपल्या लक्षात येणे कठीण आहे. त्यांच्यामागे एक सभा उभी होती, गावोगावचे लोक उभे होते. म्हणून त्यांना ते साधले असावे. एकट्या माणसाकडून तेवढ्या धैर्याची अपेक्षा करू नये.

कोपर्निकसलासुद्धा ते एकट्याने साधले नाही. त्याचा ग्रंथ छत्तीस वर्षांच्या आसपास त्याच्यापाशी पडून राहिला, आणि लोकांच्या उपहासाच्या भयाने तो जवळजवळ टाकून द्यायच्या विचारात आपण होतो, असे त्याने पोप तिसरा पॉल याला उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत मान्य केले आहे. १५३९ साली र्‍हेटिकस नावाचा एक पंचविशीतला गणिती त्याच्याकडे येऊन राहिला, त्याने आग्रह धरला, तेव्हा १५४३ साली, कोपर्निकसच्या मृत्यूच्या वर्षी, ते पुस्तक छापून निघाले. म्हणजे ऐकायला आलेला, आणि ऐकून न हसलेला, एक माणूस पुरला.

त्या परभणीच्या मुलाची आणि माझी पुढे तीन-चारदा भेट झाली. मी त्याला काही शिकवले नाही. तो बोलत असे आणि मी ऐकत असे. सप्टेंबरच्या अखेरीस त्याने वडिलांना फोन करून सारे सांगितले, आणि वडील दुसऱ्याच दिवशी सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसले. त्यांना घेऊन तो मला भेटायला आला तेव्हा आम्ही मंडी हाउसच्या त्याच टपरीपाशी बसलो होतो. वडील साठीचे, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीत माझ्यासाठी घरची तूरडाळ आणलेली. बराच वेळ ते पावसापाण्याचे बोलले. मग मुलाकडे न पाहता, टोपी काढून गुडघ्यावर ठेवून, त्यांनी सांगितले की ओढ्याकाठची दोन एकर त्यांनी मागच्याच वर्षी विकली होती, त्याच्या खोलीच्या भाड्यापायी. आणि मुलाच्या अभ्यासात विघ्न नको म्हणून आजवर ते त्याला कळू दिले नव्हते. आईलाही बजावून ठेवले होते. ती रोज संध्याकाळी फोनवर, यंदा त्या तुकड्यात सोयाबीन चांगले आले आहे, असे सांगत असे.

मुलगा काही बोलला नाही. त्याने वडिलांच्या हातातला ग्लास घेतला, निवालेला चहा ओतून टाकला आणि टपरीवाल्याकडून दुसरा गरम भरून आणला.